आईची कैकाडी बोली लेकीपर्यंत कशी न्यायची?

दुरडीवाली, कळंबा
आमच्या घरात सरळ कैकाडी बोलणारी आता एकटी आई उरलीय. वय ७४. मला समजतं सगळं, पण बोलायला गेले की तिसऱ्या शब्दाला मराठी येते. सात वर्षांच्या लेकीला तर समजतही नाही. परवा आई दुरडी विणत होती. तुराट्या भिजवण्यापासून काठ वळवण्यापर्यंत तिच्याकडं प्रत्येकाला शब्द आहे. त्यातले निम्मे मला येत नाहीत, हे कळलं आणि पोटात कालवलं.

लहानपणी लक्ष्मीपुरीच्या बाजारात ती दटावायची, "इथं आपलं बोलू नका." तिच्या वडिलांनी सेटलमेंटमध्ये, म्हणजे इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना डांबून ठेवायच्या वसाहतीत, तारेच्या कुंपणाआड दिवस काढलेले. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ ला गेला, पण बोलीवरून ओळखतील ही भीती घरातून गेली नाही. शब्दकोश करायला घेऊ का? सुरुवात कुठून करू?

मास्तर, गडहिंग्लज
ताई, कोश मागाहून. आधी आईंना विचारून त्यांचं बोलणं मोबाईलवर भरून ठेवा, तेही विणताना. समोर बसवून "याला काय म्हणतात" विचारलं की माणूस अडखळतो, हात चालू असले की शब्द आपोआप येतात.

आणि जनगणनेत मातृभाषा मराठी सांगू नका. दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असलेल्या भाषा १९७१ पासून वेगळ्या दाखवतच नाहीत. कैकाडी तमिळच्या कुळातली आहे, मराठीची पोटबोली नव्हे.

पंचगंगाकाठ
न्यूझीलंडच्या माओरींनी १९८२ मध्ये 'कोहांगा रेओ' सुरू केलं, म्हणजे भाषेचं घरटं. शाळेत न जाणारी पोरं आणि आजी-आजोबा एका जागी, दिवसभर फक्त माओरी. मधल्या पिढीची भाषा सुटली होती, म्हणून आजीकडून थेट नातवंडांकडं. पाच वर्षांत, १९८७ ला, माओरी तिथली अधिकृत भाषा झाली.

तुमच्यासाठी मला कॅलिफोर्नियातल्या आदिवासींची रीत जास्त पटते. एक जाणती, एक शिकणारी. आठवड्याला दहा-वीस तास दोघी घरकाम करतात, आणि तेवढा वेळ इंग्रजी बंद. अडलं तर हातवारे करायचे, भाषांतर मागायचं नाही. तुम्हाला समजतं, म्हणजे अर्धी वाट झालीच आहे. लेकीच्या आधी तुम्ही बोलत्या व्हा.

दुरडीवाली, कळंबा
मास्तर, दादा, रविवारी करून बघितलं. चुलत भावाची दोन पोरं आणि माझी लेक, अंगणात आईभोवती. दोन तास मराठी बंद. पहिला अर्धा तास आईच मराठीत बोलत होती, सवयच तशी. मग लेकीनं पाणी मागितलं. आईनं तांब्या हातात धरून ठेवला, आमचा शब्द दोनदा म्हटला, आणि पोरीनं तो म्हटल्यावरच दिला. मीही तीन वाक्यं सलग बोलले, चौथ्याला अडले.

रात्री आई म्हणाली, पुढच्या रविवारी मामाच्या नातवंडांनाही बोलव.