सहा महिन्यांच्या कोर्सने सरकारी संगणकाची पदं भरणार म्हणे!

बांधावरचा_पोरगा:
काल इथे एकांनी लिहिलं, "सरकारी कार्यालयांना संगणकाची माणसं मिळत नाहीत. आयटीआय आणि तंत्रनिकेतनात सहा महिन्यांचे कोर्स काढा, पोरं तयार करा, पदं भरा. विषय संपला." एवढं सोपं असतं तर कशाला रडलो असतो?

माणसं मिळत नाहीत हे धादांत खोटं आहे. आयटीआयमध्ये कोपा हा संगणक चालवण्याचा एक वर्षाचा ट्रेड कधीपासून आहे. एमएस-सीआयटी 2001 पासून चालू आहे. डिप्लोमावाले दरवर्षी बाहेर पडतात. 2023 च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज आले. तुटवडा मंजूर पदांचा आहे. आकृतिबंधात, म्हणजे कार्यालयाच्या मंजूर पदांच्या यादीत, पद नसेल आणि सेवाप्रवेश नियमांत, म्हणजे भरतीच्या पात्रतेत, तुमच्या कोर्सचं नाव नसेल, तर ते प्रमाणपत्र फाइलला लावून काय करायचं?

काम मात्र वाढलंय. सातबारा ऑनलाइन, ई-पीक पाहणी, दस्त नोंदणी, ई-ऑफिस. ते करतं कोण? कंत्राटी ऑपरेटर. ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक 2011 च्या 'संग्राम' योजनेपासून राबतायत आणि मानधनासाठी अजून आंदोलनं करतायत. आधी पदं काढा, मग कोर्स काढा.

निवृत्त_लिपिक:
तो कालचा प्रतिसाद माझाच. तीस-पस्तीस वर्षं टेबलावर काढलीत, त्यामुळे ऐकीव बोलत नाही. प्रमाणपत्रवाली पोरं येतात आणि त्यांना एक साधं मराठी पत्र धड टाइप करता येत नाही. इंग्रजी अक्षरं बडवून मराठी उमटवतात, जोडाक्षर आलं की अडले. तुम्ही पदं मागता, आधी हात तयार करा.

रफार_आणि_रकार:
काका, हात तयार करायला क्लास लावला होता मी. मिनिटाला मराठी 30 शब्द, इंग्रजी 40, दोन्ही पास. क्लासात टाइपरायटरचा रेमिंग्टन कीबोर्ड शिकवला, कार्यालयात इनस्क्रिप्ट हा वेगळाच कीबोर्ड निघाला. चूक पोरांची कशी?

निवृत्त_लिपिक:
आम्ही मशीनवर शिकलो आणि संगणकावरही शिकलो. कुरकुर केली नाही.

रफार_आणि_रकार:
आणि जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फायलींचं काय? कृतिदेव या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. मराठीत शोधलं तर सापडत नाही, संकेतस्थळावर टाकता येत नाही. आमच्या कार्यालयात तसलीच परिपत्रकं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे मराठीच दिसेल अशा पद्धतीत, पुन्हा टाइप करत बसले होते मी, कंत्राटी पगारावर. वेग होता हो तुमच्या पिढीचा, मान्य. पण निस्तरतोय आम्ही.

निवृत्त_लिपिक:
जो फॉन्ट दिला त्यात टाइप केलं. आम्ही फॉन्ट निवडत नव्हतो, ताई. एवढा राग असेल तर निवडणाऱ्यांना विचारा.

तारखेवर_तारीख:
कीबोर्ड राहू द्या. मूळ मुद्द्यावर माझा विरोध दोघांनाही आहे. कोर्स केला, कार्यालयात चिकटला, मग "आता कायम करा" म्हणत उपोषण. मी अभ्यासिकेत बसून परीक्षा देतो, एकेका अर्जाला हजार रुपये शुल्क भरतो. माझी जागा मागच्या दाराने का जावी? सर्वोच्च न्यायालयाने उमादेवी प्रकरणात 2006 मध्येच सांगितलंय की नियम डावलून झालेल्या नेमणुका कायम करता येत नाहीत.

बांधावरचा_पोरगा:
अर्धंच सांगताय. 2024 च्या डिसेंबरमध्ये जग्गो प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलंय की कायम स्वरूपाचं काम वर्षानुवर्षं तात्पुरत्या माणसांकडून करून घेऊन उमादेवीची ढाल पुढे करू नका. आणि मागचं दार उघडतं कोण? 2023 च्या सप्टेंबरमध्ये नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर निघाला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरमध्ये मागे घेतला. तुम्ही पोरांवर का उखडता?

कोपा_पासआउट:
मी सरकारच्या युवा कार्यप्रशिक्षण योजनेतून एका कार्यालयात होतो. आयटीआयवाल्यांना महिन्याला आठ हजार विद्यावेतन. मुदत आधी सहा महिने, मग वाढवून अकरा. साहेबांचा लॉगिन, नोंदी माझ्या. प्रिंटर अडला, सर्व्हर झोपला, लोक माझ्यावर ओरडायचे. मुदत संपली आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर नवा प्रशिक्षणार्थी. त्याला काम मीच फोनवरून शिकवलं. हे प्रशिक्षण कोणाचं झालं?

तारखेवर_तारीख:
वाईट झालं, नाकारत नाही. पण योजनेत नोकरीचं वचन नव्हतं, सही करताना वाचलं असेलच.

कोपा_पासआउट:
घरी बसून सहा महिने वाचत बसण्यापेक्षा सही केली. सगळ्यांना अभ्यासिकेचा खर्च झेपत नाही, दादा.

निवृत्त_लिपिक:
साहेबांच्या लॉगिनवर पोराने नोंदी करणं हे मात्र भयंकर आहे. उद्या फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाची नोंद, चुकला तर चौकशी कोणाची लागेल? याला प्रशिक्षण म्हणता येणार नाही. एवढ्यापुरता बांधावरचा पोरगा बरोबर आहे. टायपिंगबद्दल माझं मत तेच.

बांधावरचा_पोरगा:
एवढ्यापुरता तर एवढ्यापुरता. माझी मागणी साधी आहे. कोर्स सुरू करायच्या आधी पदांची संख्या आणि वेतनश्रेणी जाहीर करा, सेवाप्रवेश नियमांत कोर्सचं नाव घाला आणि खुली परीक्षा घ्या. कार्यालयात काम केलेल्यांना त्यात अनुभवाचे थोडे गुण द्या.

तारखेवर_तारीख:
खुल्या परीक्षेला हो. अनुभवाच्या गुणांना नाही. कार्यालयात कोणाला चिकटवायचं हे वशिल्यावर ठरतं, त्याचे गुण मी का सोसू?

कोपा_पासआउट:
माझा वशिला असता तर मी आज इथे टाइप करत बसलो असतो का? गुण नका देऊ. प्रात्यक्षिक चाचणी ठेवा, बसतो समोर.