सीएमएस आणि फ्रेमवर्कसोबत काढलेली वर्षे : तुमचे अनुभव लिहा

दीपमाळ

गेल्या महिन्यात तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा फोन आला आणि २०१२ सालचे माझे काम पुन्हा उघडावे लागले. तेव्हा मी त्यांचे संकेतस्थळ द्रुपल ७ या सीएमएसवर, म्हणजे मजकूर साठवून संकेतस्थळ चालवणाऱ्या प्रणालीवर, बांधले होते. त्या आवृत्तीचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, त्यामुळे नव्या आवृत्तीवर जाणे भाग होते. द्रुपल ८ पासून गाभा सिम्फनी या फ्रेमवर्कच्या (संकेतस्थळे बांधण्याच्या तयार सांगाड्याच्या) घटकांवर रचला गेला आणि पानांचे साचे ट्विग या साचाभाषेत गेले, म्हणून मी रात्री जागून लिहिलेल्या थीमची (पानांचे रूप ठरवणाऱ्या कोडची) एकही ओळ उपयोगी पडणार नव्हती. त्याचे मला खरोखर वाईट वाटले.

डेटाबेस उघडल्यावर मात्र मी बराच वेळ नुसता पाहत राहिलो. ग्रंथपाल बाईंनी बारा वर्षे प्रत्येक नव्या पुस्तकाची नोंद न चुकता केली होती. लेखक, प्रकाशक आणि दाखल क्रमांक यांना स्वतंत्र रकाने हवेत आणि त्यांची नावे मराठीत हवीत, हा आग्रह सुरुवातीला त्यांनीच धरला होता. त्या रकान्यांमुळे सगळ्या नोंदी दोन दिवसांत नव्या आवृत्तीत गेल्या. वर्डमधून कोष्टकांसह जशाच्या तशा चिकटवलेल्या कार्यक्रमांच्या बातम्या मात्र मी अजून हाताने साफ करतो आहे.

अशा प्रणाली निवडताना, बदलताना किंवा सोडताना तुम्हांला आलेले अनुभव येथे लिहावेत, ही विनंती.

उंबरठा

आमची अडचण याच्याही आधीची होती. एका नियतकालिकाचे जुने अंक युनिकोडपूर्व, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामाईक संकेतपद्धती रूढ होण्याआधीच्या, फाँटमध्ये होते. त्या फाँटमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकलेली असते आणि रफार अक्षरानंतर येतो. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. रूपांतराचे नियम लिहिता लिहिता मी जोडाक्षरांचा जितका विचार केला, तितका शाळेतही केला नव्हता.

तो मजकूर वर्डप्रेस या सीएमएसमध्ये आला आणि नवाच प्रश्न उभा राहिला. लेखाच्या वेबपत्त्यासाठी तेथे २०० चिन्हांची जागा असते आणि सांकेतिक रूपात प्रत्येक देवनागरी चिन्ह नऊ जागा घेते, म्हणजे काना-मात्रा धरून जेमतेम बावीस चिन्हे मावतात. एकाच लेखमालेतील सगळे पत्ते त्यामुळे एकाच ठिकाणी तुटले आणि त्यांच्यापुढे दोन, तीन, चार असे आकडे लागत गेले. शेवटी प्रत्येक लेखाला आम्ही छोटा पत्ता हाताने दिला.

काजवा

उंबरठा, शोधयंत्रांत नोंदले गेलेले जुने पत्ते तुम्ही नव्या पत्त्यांकडे वळवले होते का? आम्ही ते विसरलो आणि वाचक कित्येक आठवडे रिकाम्या पानावर येत राहिले.

उंबरठा

होय, वळवले होते. त्याची यादी संपादकांनीच करून दिली.

पाणवठा

वर्डप्रेसचा विषय निघालाच आहे, तर नव्या मुलांसाठी एक सांगतो. एका शाळेचे संकेतस्थळ मी एचटीटीपीवरून एचटीटीपीएस या सुरक्षित जोडणीवर नेले आणि डेटाबेसमधील पत्ते साध्या शोधा-बदला पद्धतीने बदलले. थीम आणि विजेट (बाजूच्या पट्टीतील छोटे विभाग) यांच्या जुळवण्या त्यात सिरियलाइझ करून साठवलेल्या असतात, म्हणजे प्रत्येक मजकुराआधी त्याची लांबी लिहिलेली असते. पत्त्यात एकच अक्षर वाढले, लिहिलेली लांबी चुकीची ठरली आणि बाजूच्या पट्ट्या रिकाम्या झाल्या. त्या दिवशी दहावीचा निकाल होता. मुख्याध्यापक बाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. डब्ल्यूपी-सीएलआय या, वर्डप्रेस टंकलेल्या आज्ञांनी चालवण्याच्या साधनातील शोधा-बदला आज्ञा ही लांबी स्वतः नव्याने मोजते. तेव्हापासून मी तीच वापरतो आणि त्याआधी बॅकअप परत उभा करून पाहतो.

सायली_नाशिक

मी जँगो या फ्रेमवर्कवर काम करते. २००३ मध्ये कॅन्ससमधील लॉरेन्स येथील वृत्तपत्राच्या कार्यालयात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ते घडवायला घेतले आणि २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. बातमीदारांची घाई सांभाळायला जन्मलेले असल्याने त्यातील व्यवस्थापन कक्ष, मॉडेल (माहितीची रचना) लिहून नोंदवले की, तयार मिळतो. आमच्या बोलीभाषा-कोशाच्या प्रकल्पात दोन निवृत्त शिक्षकांनी पहिल्याच आठवड्यात तेथे नोंदी भरायला सुरुवात केली.

शब्दांच्या क्रमाने मात्र आम्हांला रडवले. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो, आणि क्ष, ज्ञ त्याच्याही पुढे. कोश चाळणाऱ्याला शब्द नेहमीच्या जागी सापडलाच पाहिजे, म्हणून प्रत्येक शब्दासाठी क्रमाचा वेगळा रकाना ठेवून तो आम्ही स्वतः भरला. हे काम कोणत्याही फ्रेमवर्कवर सोपवू नये, असे माझे ठाम मत आहे.

वाटसरू

मी अँग्युलरजेएस या, ब्राउझरमधील पडदे बांधण्याच्या फ्रेमवर्कवर चार वर्षे घालवली. २०१६ मध्ये आलेली दुसरी आवृत्ती इतकी वेगळी होती की आम्हांला जवळजवळ सगळे नव्याने लिहावे लागले. पुन्हा लिहिताना हिशेबाचे नियम आम्ही पडद्याच्या कोडपासून वेगळे केले आणि साध्या जावास्क्रिप्टमध्ये ठेवले. पुढे तशाच कामाच्या रिअ‍ॅक्टकडे वळलो तेव्हा त्या फायलींना हातही लावावा लागला नाही.

दीपमाळ

सायली, क्रमाच्या रकान्याची कल्पना मी वाचनालयाच्या लेखकसूचीसाठी घेतो आहे. ग्रंथपाल बाईंना विचारले, तेव्हा त्यांनी लगेच सांगितले की कार्डांच्या जुन्या खणांतही ळ ची कार्डे ह नंतरच होती.