मदत हवी आहे: सांगलीतली डिझायर डिझेल, १ लाख ६२ हजार रनिंग. इंजिन अजून किती चालेल?

साताऱ्याचा_पंखा
नमस्कार मंडळी. २०१५ ची स्विफ्ट डिझायर डिझेल बघतोय. एमएच-१० पासिंग, दुसरा मालक, गाडी सांगलीत, मागणी ३ लाख ४० हजार. रोज सातारा-कराड ये-जा आहे, म्हणजे दिवसाला शंभरेक किलोमीटर. घरचे म्हणतात दीड लाखाच्या वर गेलेली गाडी घेऊ नये. त्याच पैशात ९० हजार चाललेली पेट्रोल वॅगनआर मिळतेय. इंजिनाचं काय काय बघू? सोबत ओळखीचा मेस्त्री असेल.

नटबोल्ट
आकड्याला घाबरू नका. १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन आहे, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर पडलं असेल तर दोन लाखांच्या पुढेही हेड (सिलिंडरवरचा भाग) न उघडता चालतं. ऑइल लांबवलं असेल तर लाखातच रडतं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर काम करतो. गाळ झाला की दाब पोचत नाही, चेन सैल पडते, आणि तिने दात सोडला की व्हॉल्व्ह थेट पिस्टनवर आपटतात. म्हणून आधी सर्व्हिसची नोंद मागा. कंपनीच्या वर्कशॉपला नंबरवरून तारखा आणि किलोमीटर निघतात. मालकाला सोबत न्या, म्हणजे नाही म्हणणार नाहीत. दर १० हजारांना नोंद दिसली पाहिजे. मीटर मागे फिरवलेलं असेल तर तेही तिथंच पकडलं जातं.

गाडी बघायला सकाळी जा आणि आदल्या रात्रीपासून चालू करू नका असं सांगून ठेवा. पोचलात की पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी या, कारण झिजलेल्या पिस्टन रिंगा, गेलेले ग्लो प्लग (गार इंजिन तापवणाऱ्या कॉइल) आणि चेनची खडखड गार स्टार्टलाच उघडी पडते. डॅशबोर्डवरचा कॉइलचा दिवा विझल्यावर सेल्फ मारा. एक-दोन सेकंदांत उठली पाहिजे. खडखड दोन-तीन सेकंदांत थांबली तर ठीक, चालू राहिली तर चेन किटचा खर्च धरा.

धूर: पांढरा क्षणभर चालतो. गरम झाल्यावरही पांढरा येत असेल आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा असेल तर ईजीआर (धूर परत इंजिनात फिरवणारा व्हॉल्व्ह), एअर फिल्टर, इंजेक्टर किंवा टर्बोचा फुटका होज. यातली बरीच कामं इंजिन न उघडता होतात, तेवढ्यावर गाडी सोडू नका.

मग आयडलला (रेस न देता) ऑइल भरायचं झाकण काढून उलटं त्याच भोकावर ठेवा. डिझेलला थोडं थरथरणारच. उडून पडलं किंवा ऑइल मोजायची गेजपट्टी वर उचलली गेली तर इंजिन ब्लोबाय मारतंय, म्हणजे सिलिंडरचा दाब खाली गळतोय. मात्र लगेच बोअर-पिस्टन ठरवू नका, ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) चोंदला असेल किंवा टर्बोचं सील गेलं असेल तरी हेच दिसतं. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करतो तो) होज काढून बघा: ऑइलचा पातळ थर चालतो, साचलेलं ऑइल नाही.

मिरज_डिझेल
वरच्यात भर. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करायला लावा. चारही इंजेक्टरचे रिटर्न पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायचे आणि दोन-तीन मिनिटं आयडलला चालवायचं. एक बाटली बाकीच्यांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर आतून गळतोय. इंजिन चांगलं असूनही सकाळी सेल्फ लांबतो तो बऱ्याचदा यामुळेच. बहुतेक गॅरेजवाले हे करत नाहीत, थेट "पंप गेलाय" म्हणतात.

रोडटेस्टला सांगलीत घाट कुठून आणणार! पेठ नाक्याच्या रस्त्याला काढा, चौथ्या गिअरला पन्नासच्या वेगावरून पूर्ण दाबा. २००० आरपीएमच्या आसपास टर्बोचा जोर आला पाहिजे. त्याच गिअरला आरपीएम चढले आणि वेग तसाच राहिला तर क्लच घसरतोय. परत आल्यावर गरम इंजिन आयडलला सोडा. तेव्हा ऑइलचा दिवा मिचमिचला तर गाडी तिथंच सोडा, बेअरिंग किंवा ऑइल पंप झिजलाय.

कृष्णाकाठ
सगळं झालं, पण गाडी सांगलीची आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरात ती कुठं उभी होती हे आधी विचारा, मग झाकणं उचला. चारही सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला मातीचा पट्टा आहे का बघा. स्टेपनीच्या खड्ड्यातलं कार्पेट उचला, सीटच्या रेलचे बोल्ट आणि डॅशबोर्डखालचे कनेक्टर तपासा. गंज किंवा हिरवट थर दिसला तर निघा. नुसतं वॉशिंग केलेल्या गाडीत या जागा कुणी धूत नाही. विम्याचा जुना क्लेमही काढायला लावा.

इंजिनात पाणी शिरलेलं असताना सेल्फ मारला असेल तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनखालचा दांडा) वाकू शकतो, कारण पाणी दाबलं जात नाही. अशी गाडी चालते, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी राहतं. कॉम्प्रेशन बघायला डिझेलचाच गेज हवा, तो ग्लो प्लगच्या भोकातून लागतो. अडचण अशी की जुना प्लग जाम असेल तर काढताना मोडतो, त्यामुळे मालक तयार होत नाही. मग क्रँक सेन्सरचं कनेक्टर काढून सेल्फ मारा. इंजिन उठणार नाही, पण आवाजाची लय कानावर येते. चारपैकी एक ठोका हलका लागला तर तो सिलिंडर कमजोर. नंतर स्कॅनरने कोड पुसा.

घाटमाथा
मी एवढा उत्साही नाही. २०३० ला १५ वर्षं भरतात, मग पुनर्नोंदणी आणि ग्रीन टॅक्स. महिना अडीच हजार किलोमीटर धरलं तर तोवर मीटर पावणेतीन-तीन लाखांत. म्हणजे इंजेक्टर, टर्बो, क्लच यांतलं काहीतरी तुमच्याच हातात निघणार. घ्या, पण ४०-५० हजार बाजूला ठेवून, आणि तेवढे मागणीतून कमी करून. वॅगनआर गावातल्या वापराला बरी, रोजच्या हायवेला डिझायरच. आणि आरसी नीट वाचा, आधी टॅक्सी पासिंगला होती का.

साताऱ्याचा_पंखा
आभार सगळ्यांचे. मालक म्हणतो, ऑइल परवाच बदललंय, बघा किती स्मूथ.

नटबोल्ट
विकायच्या आदल्या दिवशीचं ऑइल! डिझेलचं ऑइल थोडक्या किलोमीटरमध्ये काळं होतं, काळं असणं दोष नाही. उलट मधासारखं स्वच्छ दिसलं तर आवाज आणि धूर दाबायला जाड ऑइल घातलंय का बघा. बिल मागा. याला ५डब्ल्यू-३० लागतं. २०डब्ल्यू-५० असेल तर तुमचं ५डब्ल्यू-३० आणि फिल्टर टाकून पुन्हा गार स्टार्ट घ्या. हजार-दोन हजारांचा प्रश्न आहे, इसार देण्याआधी करा.

मिरज_डिझेल
गाडी घेतलीत तर फ्लशिंग ऑइल अजिबात टाकू नका. सुटलेला गाळ संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) जाळीवर बसतो आणि ऑइल उपसलंच जात नाही. साधं ऑइल घाला, तीन हजार किलोमीटरवर पुन्हा बदला, मग १० हजारांवर या. डिझेल फिल्टर, एअर फिल्टर पहिल्या दिवशीच. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी असेल तर काढून तयार कूलंट भरा. आपल्याकडच्या जड पाण्याने आत क्षार बसतो आणि उन्हाळ्यात हेड तापतं. गेजपट्टीवर वरच्या खुणेच्या पुढे ऑइल जाऊ देऊ नका, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून इंटेकमध्ये जातं.