सिएम रीपला एक दिवस पुरणार नाही

बँकॉक चार दिवस, कंबोडियातलं सिएम रीप एक, मग हनोई, असा तुमचा बेत वाचला. कळकळीने सांगतो, बँकॉकचे दोन दिवस कमी करून सिएम रीपला द्या.

तिथल्या अंकोर मंदिरसमूहाचा एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२. ते तीन दिवस सलगच हवेत असं नाही, दहा दिवसांत कधीही वापरता येतात. त्यातलं मुख्य मंदिर, अंकोर वाट, पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे पहाटे सूर्य शिखरांमागून उगवतो. दर्शनी भाग उन्हात बघायचा असेल तर दुपारनंतर जा. पूर्वेच्या ओवरीत समुद्रमंथनाचा जवळपास पन्नास मीटर लांब शिल्पपट आहे. एकीकडे असुर, दुसरीकडे देव, मधे विष्णू, आणि खाली मासे-मगरी. रवीजवळचे मासे तर घुसळणीत चक्क दोन तुकडे झालेले! पश्चिमेच्या ओवरीत कुरुक्षेत्र आहे, तिथे शरपंजरी पडलेले भीष्म मुलांना शोधायला लावा.

तिकीट मल्टी-सिटी काढा: जाताना मुंबई-बँकॉक, येताना हनोई-मुंबई. बँकॉकला परत यायचा हेलपाटा वाचतो. तिथे सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग असे दोन विमानतळ आहेत, स्वस्त विमानं बरीचशी डॉन म्युआंगहून सुटतात, तेव्हा तिकिटावरचं नाव नीट बघा. सिएम रीपचा विमानतळही २०२३ पासून गावाबाहेर लांब गेलाय, तासभर धरा. आणि बसने सीमा ओलांडायचा विचार नकोच. २०२५ च्या थायलंड-कंबोडिया संघर्षात सीमेवरची नाकी बंद झाली होती.