शब्दचर्चा : जमिनीच्या नोंदीवरील ‘कॅव्हेट’ आणि ते हटवण्याचे अर्ज

प्रश्न : मेलबर्नला राहणाऱ्या माझ्या बहिणीने तिथले घर विकायला काढले आहे. घराच्या नोंदीवर एका तिऱ्हाइताने कॅव्हेट लावले असून ते हटवण्यासाठी तिला व्हिक्टोरियाच्या सुप्रीम कोर्टात अर्ज करावा लागत आहे. कागदपत्रांचा मराठी गोषवारा मी वडिलांसाठी तयार करत आहे. आपल्याकडे कॅव्हेट म्हणजे ‘आमचे म्हणणे ऐकल्याखेरीज आदेश देऊ नये’ ही न्यायालयाला केलेली विनंती. तिच्यामुळे घराची विक्री कशी अडते, असे ते विचारतात. शब्द तोच ठेवावा की दुसरा योजावा?

उत्तर : तुमच्या वडिलांची शंका अगदी रास्त आहे. ‘त्याने सावध असावे’ या अर्थाचा लॅटिन शब्द दोन्हीकडे एकच असला, तरी तो कोणाला सावध करतो हे दोन्हीकडे वेगळे आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 148अ हे 1976 च्या दुरुस्तीने आले. त्याखालील कॅव्हेट न्यायालयात दाखल होते, 90 दिवस टिकते आणि मालमत्तेच्या नोंदीला स्पर्शही करत नाही. ऑस्ट्रेलियातील कॅव्हेट न्यायालयात नव्हे, तर जमीन नोंदणी अधिकाऱ्याकडे दाखल होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात 1858 साली रॉबर्ट टॉरेन्स यांनी रूढ केलेल्या पद्धतीत मालकी खरेदीखताने नव्हे, तर सरकारी नोंदीने सिद्ध होते. म्हणून ज्याचा हक्क अजून नोंदीवर चढलेला नाही, त्याला तो बुडू नये यासाठी हे साधन दिलेले आहे. ते नोंदीवर असेपर्यंत त्याच्याशी विसंगत असा पुढचा व्यवहार सहसा नोंदवला जात नाही, आणि विक्री अडते ती तिथे.

म्हणून गोषवाऱ्यात पहिल्यांदा ‘कॅव्हेट, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीवरील हरकत’ असे लिहावे आणि पुढे ‘हरकत-नोंद’ हा शब्द चालवावा, असे माझे मत आहे. खरेदीपूर्वीच्या जाहीर नोटिशीत हरकती मागवल्या जातात, त्यामुळे हा शब्द घरोघरी कळतो. ‘बोजा’ मात्र कटाक्षाने टाळावा. बोजा म्हणजे मालमत्तेवर चढलेला भार. हरकत-नोंद हा केवळ हक्काचा दावा असतो आणि तो खरा ठरेलच असे नाही.

पुरवणी प्रश्न : आभारी आहे. बहिणीचे म्हणणे असे की, त्या गृहस्थांचे फार तर काही पैसे देणे असेल, घरात त्यांचा हक्क नाही. हा फरक मराठीत कसा मांडावा? शिवाय कागदांत ‘मागे घेणे’, ‘काढणे’ आणि ‘संपणे’ यांसाठी तीन निरनिराळे शब्द दिसतात.

उत्तर : बहुतेक अर्जांचा निकाल याच फरकावर लागतो, म्हणून तो ठसठशीत मांडायला हवा. ‘येणे रक्कम’ आणि ‘मिळकतीतील हितसंबंध’ असे दोन शब्द वापरा. नुसती उधारी हरकत-नोंदीला पुरत नाही. त्या रकमेसाठी मिळकत तारण असल्याचा करार वा तत्सम आधार दाखवावा लागतो. इथे आपल्या वाचकाची आणखी एका ठिकाणी फसगत होते. आपल्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 प्रमाणे साठेखताने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही, तर तिथे विक्रीचा करार केलेला खरेदीदार हरकत-नोंद करू शकतो.

क्रियापदे एकमेकांत मिसळू देऊ नयेत, कारण प्रत्येकाचा कर्ता वेगळा आहे. ‘मागे घेणे’ हे हरकतदाराचे स्वतःचे कृत्य. ‘काढून टाकणे’ हे आदेशाने होते. व्हिक्टोरियाच्या 1958 च्या जमीन हस्तांतरण कायद्याच्या कलम 90(3) खाली बाधित व्यक्ती त्यासाठी न्यायालयात जाते. ‘व्यपगत होणे’ म्हणजे मुदतीत पाऊल न उचलल्याने नोंद आपोआप संपणे. न्यू साउथ वेल्समध्ये नोटीस बजावल्यापासून 21 दिवसांत हरकतदाराने मुदतवाढीचा आदेश मिळवला नाही, तर हे घडते. त्याच राज्यात न्यायालय हरकतदारालाच नोंद मागे घेण्याचा आदेशही देऊ शकते; तेव्हा ‘मागे घेण्याचा आदेश’ असे पूर्ण लिहावे, नाहीतर त्याने ते राजीखुशीने केले असा समज होतो.

सिद्धतेच्या ओझ्याबद्दल गोषवाऱ्यात एक स्वतंत्र वाक्य द्यावे, ही विनंती. अर्ज तुमच्या बहिणीचा असला, तरी आपल्या दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य आहे आणि मूळ वादाचा निकाल लागेपर्यंत जैसे थे ठेवणे सोयी-गैरसोयीच्या तोलात अधिक योग्य आहे, हे दोन्ही हरकतदाराने दाखवायचे असते. मलेशियातील जमिनीसंबंधीच्या ‘एंग मी योंग विरुद्ध लेचुमनन’ या अपिलात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने (तिथल्या दाव्यांचे तेव्हाचे शेवटचे अपील न्यायालय) 1979 मध्ये हीच कसोटी सांगितली, आणि तिचे नाते तात्पुरत्या मनाई हुकुमाच्या कसोटीशी आहे. मनाई हुकूम आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. वडिलांना ‘अर्ज न करताच मिळालेला तात्पुरता मनाई हुकूम, जो आव्हान मिळताच समर्थनीय ठरवावा लागतो’ असे सांगितल्यास प्रकरण लगेच उमगेल.

आणखी एक सूचना : ‘सुप्रीम कोर्ट’चे ‘सर्वोच्च न्यायालय’ करू नये. ते व्हिक्टोरिया राज्याचे न्यायालय आहे आणि त्याच्या वर हाय कोर्ट ऑफ ऑस्ट्रेलिया आहे. तसेच वाजवी कारणाशिवाय हरकत-नोंद करणाऱ्याकडून नुकसानभरपाई मागण्याची तरतूद व्हिक्टोरियाच्या त्याच जमीन हस्तांतरण कायद्याच्या कलम 118 मध्ये आहे. तिला ‘दंड’ म्हणू नये, कारण ती रक्कम सरकारला नव्हे, तर ज्याचे नुकसान झाले त्याला मिळते.