‘सर्वर इल्ला’ ऐकून किती वेळा माघारी फिरायचं? पडद्यावरचा आकडा सगळ्यांना वाचता यायला हवा

सेंटरवाला_खानापूर
खानापुरात माझं ऑनलाईन कामांचं सेंटर आहे. उतारा, जात-उत्पन्नाचा दाखला, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म, असली कामं. गेल्या सोमवारी जांबोटीकडचे एक आजोबा पहिल्या बसनं आले. त्याआधी एका कचेरीत दोन खेपा घालून झाल्या होत्या. एकदा कन्नडमध्ये सांगितलं ‘सर्वर इल्ला’, म्हणजे सर्वर नाही, दुसऱ्यांदा सांगितलं ‘तुमचे कागद बरोबर नाहीत’. त्यांनी एका दिवसाची मजुरी बुडवून कागद नव्यानं काढले होते. मी फॉर्म उघडला तर पांढऱ्या पानावर बारीक अक्षरात ५०३.

आपल्या प्रत्येक मागणीला सर्वर, म्हणजे साईट चालवणारा पलीकडचा कॉम्प्युटर, असा तीन आकडी कोड पाठवतो. ५०३ म्हणजे तो स्वतःच सांगतोय की आत्ता मला काम घेता येत नाही, एकतर गर्दी झालीय नाहीतर दुरुस्ती चाललीय. निदान त्या वेळी तरी आजोबांचे कागद कुणी उघडूनसुद्धा पाहिले नव्हते.

म्हणून माझं मत असं की या कोडातला पहिला आकडा तरी प्रत्येकाला कळला पाहिजे. २ ने सुरू झाला तर काम झालं, ३ म्हणजे दुसऱ्या पत्त्यावर जा, ४ म्हणजे आपल्या मागणीत अडचण, ५ म्हणजे अडचण त्यांच्याकडे. एवढं कळलं तर भलतंच कारण सांगून कुणी परत पाठवू शकणार नाही. तुमचं काय म्हणणं?

टिळकवाडीची_डेव्हलपर
दादा, कळकळ पटते, उपाय पटत नाही. अकरा वर्षं मी सर्वरचंच काम करते. हे आकडे माणसांसाठी नाहीतच. ब्राउझर आणि सर्वर ज्या नियमांनी बोलतात ते एचटीटीपी. १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीत असा आकडाच नव्हता. सर्वर नुसतं पान पाठवायचा, काही बिघडलं तर तेही त्या पानातच लिहून यायचं. माणसाला वाचून कळायचं, प्रोग्रॅमला कळायचं नाही. ती अडचण १.० या पुढच्या आवृत्तीत सुटली, आणि मे १९९६ मध्ये ‘आरएफसी १९४५’ क्रमांकाच्या तिच्या दस्तऐवजात हे तीन आकडी कोड लिहून निघाले. आकडा ब्राउझरसाठी, सर्च इंजिनसाठी. माणसासाठी पानावर सरळ वाक्य हवं: ‘आमच्याकडे काम बंद आहे, तुमचे कागद तपासलेले नाहीत, चार वाजता या.’ ५०३ सोबत किती सेकंदांनी परत यायचं तेही सर्वरला कळवता येतं, त्यासाठी ‘रिट्राय-आफ्टर’ नावाची ओळ आहे. ती न वापरता आजोबांना आकडे शिकवायचे म्हणजे आमचा आळस त्यांच्या डोक्यावर ठेवणं झालं.

निवृत्त_टपाल_निपाणी
मी तीस वर्षं टपाल वाटलं. रजिस्टर परत जायचं तेव्हा पाकिटावर शेरा लिहावा लागायचा: पत्ता अपुरा, घेणारा सोडून गेला, घेण्यास नकार. नुसतं ‘पोचलं नाही’ लिहून चालत नव्हतं, कारण पाठवणाऱ्यानं पुढं काय करायचं ते त्या शेऱ्यावर ठरायचं. पत्ता अपुरा असेल तर तो नीट करून परत पाठवा. नकार असेल तर पुन्हा पाठवून उपयोग नाही, वकील गाठा.

मुलानं हे कोड समजावले तेव्हा मला तेच शेरे दिसले. ४०४, या पत्त्यावर काही सापडलं नाही. ४१०, होतं पण कायमचं गेलं. ३०१, कायमचं हललं, हा घ्या नवा पत्ता. आम्ही शेरा पाकिटाच्या वरच लिहायचो, ज्याचं पाकीट त्याला दिसावा म्हणून. तो लपवायला नको असं माझं मत.

चिकोडीचा_शिक्षक
ताई, सरळ वाक्य म्हणता, पण कुठल्या भाषेत? माझ्या फोनचा ब्राउझर मराठीवर आहे, म्हणजे प्रत्येक मागणीसोबत तो ‘मला मराठी चालेल’ असं कळवतो. पान मात्र कन्नडमध्ये येतं नाहीतर इंग्रजीत. मागितलेल्या भाषेत पान नसेल तर त्यासाठी ४०६ हा कोडही आहे. पण जे आहे ते पाठवून द्यायलाही नियमात मोकळीक आहे, आणि बहुतेक सगळे तेच करतात. मला कन्नड येतं, शाळेत शिकवतोही. माझ्या आईला ते वाचता येत नाही. शेजारच्या बसव्वाक्कांना मराठी वाचता येत नाही. ५०३ हा आकडा दोघींनाही वाचता येतो. सीमाभागात आकड्याला ही किंमत आहे.

टिळकवाडीची_डेव्हलपर
गुरुजी, भाषेचा मुद्दा मान्य. पण ‘४ म्हणजे आपली अडचण’ हा नियम लोकांच्या हातात दिला तर उलट मार बसेल. सांगते कसा.

कुणी साईटच्या पत्त्यातलं ‘बेलगाम’ काढून ‘बेळगावी’ केलं (नाव बदललं १ नोव्हेंबर २०१४ ला) आणि जुन्या पत्त्यावर ३०१ ठेवला नाही, तर जुनी लिंक ४०४ देणार. चूक त्यांची, आकडा तुमच्या नावावर. ४२९ घ्या, तो २०१२ मध्ये आला: मागण्या फार झाल्या, जरा थांबा. दादांच्या सेंटरात तीन कॉम्प्युटर एकाच कनेक्शनवर आहेत, म्हणजे समोरच्याला बऱ्याचदा तो एकच माणूस वाटतो. शेजारच्या खुर्चीवरच्यानं दहा वेळा बटण दाबलं म्हणून आजोबा अडणार. ४०१ आणि ४०३ सुद्धा वेगळे. ४०१ म्हणतो ‘आधी ओळख पटवा’, तिथं पुन्हा लॉगिन करून काम होतं. ४०३ ला तेच लॉगिन शंभरदा केलंत तरी बहुधा दार उघडत नाही.

आणि सगळ्यात वाईट २००. पानावर लिहिलेलं असतं ‘माहिती उपलब्ध नाही’ आणि कोड जातो २००, म्हणजे सगळं ठीक. असली पानं मी स्वतः दुरुस्त केली आहेत. तुमच्या नियमानं तिथं काम झालं म्हणायचं का?

सेंटरवाला_खानापूर
४ बद्दल मी घाईनं लिहिलं, ते मागे घेतो. आकड्याबद्दल नाही. जूनमधली गोष्ट सांगतो, मग ठरवा.

एका मुलीची परीक्षा फी तिचे वडील घरी मोबाईलवरून भरत होते. पैसे भरायचं बटण दाबलं, चाक मिनिटभर फिरलं, आणि ५०४. त्यांना वाटलं झालं नाही. पुन्हा दाबलं. दोनदा फी कापली गेली, आणि परत मिळेपर्यंत दीड महिना गेला. तेवढ्यासाठी त्यांनी सोसायटीतून उचल घेतली होती.

५०४ म्हणजे आपण आणि साईटचा मूळ प्रोग्रॅम यांच्या मधला सर्वर त्या मागच्याची वाट बघून थकला. मागच्यानं काम केलंच नाही असा त्याचा अर्थ होत नाही. कदाचित केलं असेल, उत्तर तेवढं वेळेत आलं नसेल. म्हणून माझ्याकडे ५०४ दिसला की मी बटणाला हात लावत नाही. आधी बँकेचा मेसेज बघतो, मग साईटवर पावती निघते का ते बघतो. त्या वडिलांना एवढंच माहीत असतं तर?

टिळकवाडीची_डेव्हलपर
वाईट झालं. पण ही चूक शंभर टक्के बनवणाऱ्यांची. एकाच फॉर्मचे पैसे दोनदा घ्यायचे नाहीत ही तजवीज प्रोग्रॅममध्ये करता येते, प्रत्येक व्यवहाराला एकच खूण द्यायची आणि तीच खूण परत आली तर नवा व्यवहार करायचा नाही. ते करायचं सोडून वडिलांना ५०४ शिकवायचा?

चिकोडीचा_शिक्षक
ताई, एक शंका. ५०४ येतो तेव्हा बोलतो तो मधला सर्वर ना? ज्यानं फॉर्म बनवला त्याचा प्रोग्रॅम तर मागे अडकलेला. मग तुमचं ते सरळ वाक्य लिहिणार कोण?

टिळकवाडीची_डेव्हलपर
प्रश्न बरोबर आहे. ५०२ आणि ५०४ मधलाच पाठवतो. ५०२ म्हणजे मागून आलेलं उत्तर त्याला धड वाटलं नाही, ५०४ म्हणजे उत्तरच वेळेत आलं नाही. त्याला कुणी काही सांगून ठेवलं नसेल तर तो आकडा आणि दोन इंग्रजी शब्द टाकतो, तेच ते पांढरं पान. आपलं पान दाखव असं सांगायला, मधला सर्वर एन्जिनएक्स नावाच्या प्रोग्रॅमवर चालत असेल तर, सेटिंगची एक ओळ पुरते. बरेच जण ती लिहीत नाहीत. ती लिहिली जात नाही तोवर लोकांच्या हातात आकडाच राहतो, इतकं मी मानते. त्यापुढं नाही.

निवृत्त_टपाल_निपाणी
मग सेंटरवाल्यांनी कागद लावावा की भिंतीला. मराठीत आणि कन्नडमध्ये.

सेंटरवाला_खानापूर
उद्याच लावतो काका. ४ ची ओळ ताईंनी सांगावी.

टिळकवाडीची_डेव्हलपर
लिहा: ‘४ ने सुरू होणारा आकडा: मागणी इथं अडली. पत्ता आणि लॉगिन एकदा तपासा. तुमचे कागद चुकीचे आहेत असा याचा अर्थ नाही.’ शेवटचं वाक्य ठळक करा. आणि २०० चं काय लिहिणार?

सेंटरवाला_खानापूर
२०० पडद्यावर दिसत नाही, म्हणून आकडा लिहीत नाही. ‘पावती नंबर वहीत उतरवल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका’, एवढंच लिहितो. ५०४ तेवढा लाल अक्षरात घेतो. कन्नडची बाजू गुरुजींनी लिहून पाठवा.

चिकोडीचा_शिक्षक
रात्री पाठवतो. बसव्वाक्कांना आधी वाचायला देतो, त्यांना कळलं तरच.