अनुभव धागा: एकाच रंगात चित्र काढताना गडद-फिकं कसं ठरवता?

रविवारी आम्ही काही जण सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यात चित्रं काढायला बसतो. या वेळी ठरलं, सगळ्यांनी फक्त बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी रंग, घ्यायचा. गंमत अशी की उन्हातला काळा दगड पांढरट दिसतो आणि कमानीखाली बसलेल्या माणसाचा पांढरा शर्ट त्याहून गडद. डोळ्याला दिसतं, पण मन ऐकत नाही! तुम्ही काय करता? लिहा.

▪ मी आधी सगळ्यात गडद जागा शोधते. किल्ल्यात ती कमानीच्या आत. तिथे रंग जवळजवळ ट्यूबमधून आल्यासारखा दाट लावून टाकते, बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघता येतं. फिक्यापासून निघालं की हात गडदला धजतच नाही. जलरंग वाळला की एक पायरी फिका पडतो, म्हणून ओला असताना जरा जास्तच दाट दिसू द्यावा. पांढरा रंग मी घेत नाही. उजेड म्हणजे कोरा कागद.

▪ गडदपासून सुरुवात पोस्टर कलरला ठीक. जलरंगात चुकलं तर पुसायचं कसं बे? मी फिक्यापासूनच जातो, नि डोळे किलकिले करून बघतो.

▪ माझं आयुष्य चादरींची डिझाइनं काढण्यात गेलं. आलेखाच्या कागदावर लाल चौकटीशेजारी हिरवी भरली की दोन्ही कशा उठून दिसतात! आता घरातल्या चादरीचा मोबाईलवर काळा-पांढरा फोटो काढून बघा. बऱ्याचदा लाल-हिरवं एकाच करड्यात जातं, नक्षी गायब. चादर एका रंगात रंगवायची तर नक्षी सोडा, घडीच्या आतली सावली पकडा. घडी जिथे दुमडते तिथे ती काळीभोर असते, बाहेर येत येत विरते.

▪ इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या मुलांना शिकवते. गडद ते फिकं अशी नऊ चौकोनांची पट्टी करायला सांगितली की मधले चार सारखेच येतात. पाच पुरेत. आणि पिवळा घेऊ देत नाही, कितीही थर दिले तरी त्याला अंधार जमत नाही. प्रशियन ब्लू, म्हणजे गडद निळा, घ्या.

▪ वेळेचंही बघा की. मेच्या मध्यावर आपल्याकडे सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली. काय रंगवणार? सकाळी आठच्या आत सिद्धेश्वर तलावावर या. गडद वस्तूचं प्रतिबिंब पाण्यात किंचित फिकं पडतं, फिक्या वस्तूचं किंचित गडद. तेवढं साधलं की पाणी पाण्यासारखं दिसतं.